ओळखीच्या भरवशावर शहर बदलताना : ऑनलाइन ओळखी कशा पारखाव्यात

गेल्या दिवाळीत माझा भाचा माझ्यासमोर मोबाइल ठेवून बसला आणि म्हणाला, "मामा, होसूरला जाऊ की चाकणला? तुम्हीच सांगा." हा मुलगा आयटीआय करून शिरोली एमआयडीसीतील एका मशिन शॉपमध्ये तीन वर्षे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणारे यंत्र, चालवत होता, आणि दोन्ही ठिकाणांहून त्याला बोलावणे आले होते. बंगळुरूजवळच्या, तमिळनाडूतल्या होसूरचा पगार पुण्याजवळच्या चाकणपेक्षा महिन्याला चार हजारांनी जास्त होता. मी विचारले, "ही दोनच गावे का? तुझ्यासारखे काम वाळूजला आहे, सातपूरला आहे, गुजरातेत सानंदला आहे." त्याने थोडा वेळ डोके खाजवले आणि खरे ते सांगितले, "तिथे आपले कोणी नाही ना."

या उत्तरात लाजण्यासारखे काही नाही. पोटासाठी गाव सोडणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आधी फोनमधली नावे चाळतो आणि मग नकाशा उघडतो. ज्या शहरात एकही नाव सापडत नाही, ते शहर विचारात येण्याआधीच गळून पडते. अडचण एवढीच आहे की 'आपला माणूस' कोणाला म्हणायचे, हे पूर्वी सांगावे लागत नसे आणि आता सांगणे अवघड झाले आहे. होसूरचा जो 'मित्र' भाच्याने सांगितला, त्याला तो कधी प्रत्यक्ष भेटलाच नव्हता. सीएनसी प्रोग्रॅमिंगच्या एका टेलिग्राम गटात दोघांची गाठ पडली होती. चाकणचे दोघे मात्र त्याच्याच गल्लीतले होते आणि त्यांतला एक तर सख्खा चुलतभाऊ. या ओळखी एकाच तराजूत घालून चालणार नव्हते. त्या रात्री आम्ही एक जुनी दोनशे पानी वही घेऊन त्या मांडून पाहिल्या. तीच रीत, नंतर आणखी काही जणांबरोबर वापरून थोडी सुधारलेली, येथे देत आहे.

ओळख तीन कामे करते

पूर्वी रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून मुंबईच्या गिरणगावात आलेल्या माणसाला ओळखीतून तीन गोष्टी एकदमच मिळत असत. कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात माणसे घेत आहेत, ही बातमी गाववाला देई. तोच गाववाला त्याला जॉबरपुढे, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमापुढे, उभा करून 'हा आपला माणूस आहे' असे सांगे, म्हणजे आपल्या नावावर त्याचा भरवसा देई. आणि रात्री पथारी पसरायला गावकऱ्यांची खोली व जेवायला खाणावळ असे, हा झाला आधार. गोव्याहून आलेल्या खलाशांसाठी धोबीतलावाच्या परिसरात गावोगावच्या 'कुडी' होत्या; बोट मिळेपर्यंत खलाशी आपल्या गावाच्या कुडीत राही, आणि कोणत्या बोटीवर माणसे हवी आहेत, याची खबरही त्याला तिथेच लागे. बातमी, भरवसा आणि आधार यांची ती एकच मोळी होती.

ऑनलाइन ओळखीने ही मोळी सोडली. बातमी आता पोत्याने मिळते. भरवसा थोडाफार मिळतो, कारण रेफरल, म्हणजे शिफारस, देणारा माणूस आपल्याला किती ओळखतो हा प्रश्नच असतो. आधार मात्र क्वचितच मिळतो, आणि नेमकी त्याचीच गरज नव्या शहरातल्या पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त लागते. फसगत होते ती बहुधा येथे : बातमी देणाऱ्याला आपण आधार देणारा समजतो. माझीही अशीच फसगत झाली होती. एका मित्राचे हुसेन सागरावरचे फोटो आणि त्याचे 'ये रे बिनधास्त' हे शब्द यांवर विसंबून मी हैदराबादला बिऱ्हाड हलवले. दोन महिन्यांत तो कॅनडाला निघून गेला आणि मी अकरा महिन्यांचा भाडेकरार घेऊन मागे राहिलो. त्याने मला फसवले नव्हते. त्याने बातमी दिली होती, आणि ती खरी होती. आधाराचा हिशेब मी माझा मीच धरला होता.

वही कशी भरावी

सर्वांत आधी, कोणालाही फोन करण्यापूर्वी, मनात असलेल्या शहरांची नावे लिहून प्रत्येकापुढे 'हे शहर माझ्या डोक्यात कोणामुळे आले' याचे उत्तर एका नावाने लिहावे. नाव आठवत नसेल, तर जे आठवते ते लिहावे : एखादे रील, एखाद्या वर्गमित्राचे स्टेटस, लिंक्डइनवरची 'नवी सुरुवात' ही पोस्ट. ही पाच मिनिटांची गोष्ट आहे, पण तिच्याने बरेच उलगडते. भाच्याच्या बाबतीत होसूरपुढे एक नाव आले, चाकणपुढे दोन, आणि वाळूजपुढे रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेचा अर्थ 'वाळूजला काम नाही' असा होत नव्हता. 'वाळूजची खबर माझ्यापर्यंत आलेली नाही' एवढाच होत होता. अशा रिकाम्या जागांपैकी निदान एक भरायची, हा नियम मी तेव्हापासून सगळ्यांना लावतो.

त्यानंतर प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखावेत : बातमी, भरवसा, आधार. बातमीच्या रकान्यात त्या माणसाला तुमच्या कामाच्या क्षेत्रातले नक्की काय माहीत आहे ते लिहावे. भरवशाच्या रकान्यात, तो तुमच्यासाठी कोणाकडे शब्द टाकू शकतो आणि त्याच्या शब्दाला तिथे वजन आहे का, हे लिहावे. जो स्वतः ठेकेदाराकडे सहा महिन्यांच्या बोलीवर आहे, त्याची शिफारस ठेकेदाराच्या सुपरवायझरपलीकडे जात नाही. आधाराच्या रकान्यात एकच प्रश्न विचारावा : रात्री अकराच्या एसटीने किंवा रेल्वेने मी उतरलो आणि ठरलेली खोली मिळाली नाही, तर हा माणूस त्या रात्री मला घरी नेईल का? 'नेईल असे वाटते' हे उत्तर रकान्यात लिहू नये. त्या माणसाला तसे सरळ विचारावे. संकोच वाटतो हे खरे, पण रात्री अकरा वाजता स्टँडवर वाटणाऱ्या संकोचापेक्षा तो परवडतो.

आमच्या वहीत होसूरच्या मित्रासमोर बातमीचा रकाना गच्च भरला. कोणत्या प्रकारच्या मशिनवर कोणाला किती पगार मिळतो, तीन अक्षांच्या मशिनवरून पाच अक्षांच्या मशिनवर गेले की फरक किती पडतो, ड्रॉइंग वाचता येणाऱ्याला सेटरच्या, म्हणजे मशिनची जुळणी करून देणाऱ्याच्या, जागेवर किती दिवसांत घेतात, हे सगळे त्याने मोकळेपणाने सांगितले. भरवशाच्या रकान्यात तो थांबला, कारण तो स्वतःच ठेक्यावर होता. आधाराच्या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे सांगितले की तो ठेकेदाराच्या खोलीत सहाजणांबरोबर राहतो आणि तिथे पाहुणा चालत नाही. चाकणच्या दोघांचे उलट होते. त्यांची बातमी 'भारी आहे, ये तू' या चार शब्दांच्या पुढे सरकेना, पण चाकणजवळच्या खराबवाडीतल्या त्यांच्या खोलीत तिसऱ्याची गादी मावत होती आणि खोलीमालक ओळखीचा होता.

बातमीला कमी ओळखीचे, आधाराला एकमेकांचे

अशा मांडणीला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातील नोकरदारांविषयीचे जे निष्कर्ष मांडले, त्यांत ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोकांना ती वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती, ५५.६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि २७.८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याकडून. कारण साधे आहे. रोजच्या कट्ट्यावरच्या माणसाला जे ठाऊक असते, ते आपल्यालाही ठाऊकच असते. नवी खबर दुसऱ्या कट्ट्यावरून येते. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांच्या पाच वर्षांच्या नोंदींवरचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्यात असे दिसले की नोकरी बदलण्यास सर्वांत जास्त उपयोग होतो तो अगदी परक्याही नसलेल्या आणि फार जवळच्याही नसलेल्या, मधल्या ओळखींचा. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आमच्या कामाची होती : ज्या उद्योगांत संगणकावरचे काम जास्त, तेथे अशा सैल ओळखी उपयोगी पडतात, आणि जेथे ते कमी, तेथे जवळच्या. म्हणजे बंगळुरूला जाऊ पाहणाऱ्या सॉफ्टवेअर टेस्टरने ऑनलाइन ओळखींवर जितका भर द्यावा, तितका फिटरने, वेल्डरने किंवा परिचारिकेने देऊ नये.

आता दुसरी बाजू. संशोधक जोशुआ ब्लूमेनस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रवांडामधील अनेक वर्षांच्या मोबाइल कॉलच्या नोंदी तपासून, माणसे कोणत्या गावी स्थलांतर करतात याचा शोध घेतला. एखाद्या गावात आपल्या ओळखी किती आहेत, यापेक्षा त्या ओळखीची माणसे एकमेकांनाही ओळखतात का, याचे वजन स्थलांतराच्या निर्णयात जास्त पडलेले त्यांना आढळले. आपल्याकडच्या माणसाला हे सांगावेही लागू नये. दहा सुट्या ओळखींपैकी प्रत्येकाला वाटते की बाकीचे नऊ बघतील; एकमेकांना ओळखणाऱ्या चौघांत मात्र तिघांनी केले आणि चौथ्याने टाळले, तर त्याचे नाव गावापर्यंत जाते.

यातून वहीसाठी एक सोपी खूण निघते. प्रत्येक शहराच्या पानावर नावे गोलाकार लिहावीत आणि जी माणसे परस्परांना ओळखतात त्यांच्यात रेघ ओढावी. आधाराचा विचार करताना रेघा जितक्या दाट तितके चांगले. बातमीचा विचार करताना मात्र उलट : एकाच व्हॉट्सॲप गटातल्या तिघांनी 'तिकडे आता भरती जोरात आहे' असे सांगितले, तर त्या तीन बातम्या नसतात, एकच फॉरवर्ड तीन तोंडांनी आलेला असतो. बातमी पडताळायची तर रेघ नसलेली दोन माणसे शोधावीत.

काय विचारावे, आणि कोणाला

'तिकडे कसे आहे?' हा प्रश्न टाळावा. त्याला 'मस्त' याखेरीज उत्तर नाही, कारण घर सोडून गेलेला माणूस आपला निर्णय चुकला असे मेसेजवर कधी लिहीत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात, तारखेत किंवा जागेच्या नावात येते, असा प्रश्न विचारावा. गेल्या महिन्यात कापून-सवरून हातात किती पडले? पगार कोणत्या तारखेला झाला, आणि त्याआधीच्या महिन्यात कोणत्या? पगारचिठ्ठीवर नाव कंपनीचे आहे की ठेकेदाराचे? ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो का, की 'ॲडजस्ट' होतो? पीएफचा हप्ता पासबुकात दर महिन्याला दिसतो का? सकाळी दाराला कुलूप लावल्यापासून पंचिंग होईपर्यंत किती वेळ जातो? पाणी नळाचे की टँकरचे? खोलीचे डिपॉझिट किती दिले, आणि आधीच्या खोलीचे परत मिळाले का? बंगळुरूत पूर्वापार दहा महिन्यांच्या भाड्याएवढे डिपॉझिट मागण्याची रीत होती आणि अजूनही ते काही महिन्यांच्या भाड्याचे असते. पुण्याच्या हिशेबाने गेलेल्या माणसाची पहिल्याच आठवड्यात तोंडमिळवणी होत नाही ती याच एका रकमेपायी.

हे प्रश्न लिहून पाठवू नयेत. रविवारी संध्याकाळी, माणूस खोलीवर असताना, फोन करावा. लिहिलेल्या उत्तरात जे गाळता येते, ते बोलताना दोन क्षणांच्या थांबण्यात कळते. भाच्याने चुलतभावाला विचारले, "डिपॉझिट परत मिळाले का रे?" तेव्हा पलीकडे एवढी शांतता पसरली की उत्तर ऐकायची गरजच उरली नाही. शक्य असेल तर व्हिडिओ कॉलवर 'जरा खोली दाखव' असे म्हणावे. खिडकी, मोरी आणि गॅसची शेगडी या तीन गोष्टी दिसल्या की पुष्कळ समजते.

कोणाला विचारावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. प्रत्येक शहरासाठी निदान तीन प्रकारचे लोक गाठावेत : तिथे जाऊन वर्षही न झालेला, पाच वर्षांहून जास्त राहिलेला, आणि परत आलेला. पहिल्याला आजचे भाव माहीत असतात. दुसऱ्याला बढती कुठे अडते ते माहीत असते, पण त्याने दिलेल्या घरभाड्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, कारण तो जुन्या भाडेकरारावर बसलेला असतो. तिसरा सर्वांत मोलाचा आणि सापडायला सर्वांत कठीण. जे टिकले तेच गटात बोलतात. जे परत गेले ते गुपचूप गट सोडतात. पूर्वी एखादा गटातून बाहेर पडला की ती करडी ओळ सर्वांना दिसत असे. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर ती सूचना फक्त ॲडमिनला जाते. म्हणून ॲडमिनलाच सभ्यपणे विचारावे, की गेल्या वर्षभरात कोण कोण परत गेले आणि त्यांच्यापैकी कोणी माझ्याशी बोलेल का. बरेच ॲडमिन सांगतात. जो या प्रश्नावर चिडतो, त्याच्या गटात जाहिराती कोणाच्या येतात ते एकदा बघावे.

रेफरलविषयी थोडे. आयटी आणि तत्सम कंपन्यांत आपल्या शिफारशीने माणूस लागला तर शिफारस करणाऱ्याला बोनस मिळतो, आणि ठेकेदारीच्या कामातही माणूस आणून देणाऱ्याला काही ना काही मिळते. यात गैर काही नाही, परंतु बातमीवर त्याचा रंग चढतो. "मी लागलो तर तुला काही मिळते का?" हे मोकळेपणाने विचारावे; मिळत असेल तर त्याचे रेफरल घ्यावे आणि बातमी दुसऱ्याकडून घ्यावी. उलट, आपल्यासाठी ज्याने शब्द टाकला त्याचे नावही तिथे पणाला लागलेले असते, हे विसरून पहिल्याच महिन्यात न सांगता काम सोडू नये.

मुलींच्या बाबतीत वहीचा तिसरा रकाना घरचे लोक भरतात, ही वस्तुस्थिती आहे. 'पुण्याला आत्या आहे' एवढ्यावरून पुणे ठरते, मग आत्या हडपसरला आणि नोकरी हिंजवडीला का असेना, आणि त्या दोन टोकांमधला प्रवास कोणी मोजत नाही. येथे ऑनलाइन ओळखींचा वेगळा उपयोग होतो. त्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलींच्या गटांतून वसतिगृहांची आणि पीजींची खरी माहिती मिळते : रात्रपाळीहून आल्यावर दार उघडतात का, कंपनीची गाडी दारापर्यंत येते की चौकापर्यंत, मेसचे पैसे सुटीच्या दिवसांतही कापतात का. ही माहिती आईवडिलांसमोर नावांसह ठेवली, आणि त्यांतल्या एकीशी आईचे फोनवर बोलणे करून दिले, तर आत्याच्या घराइतका नसला तरी पुरेसा भरवसा तयार होतो. आईचे बोलणे त्या मुलीच्या आईशीच झाले, तर आणखी चांगले.

परदेशाचे पाऊल

देशाबाहेर जायचे असेल तर वहीच्या भरवशावर राहू नये. तेथे ओळखीबरोबर कागद लागतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा 'ईसीआर' (परदेशी कामाला जाण्यापूर्वी तपासणी आवश्यक) असा शेरा असतो, आणि असा पासपोर्ट असलेल्याला आखाती देशांसह १८ देशांत कामासाठी जाताना परवानगी घ्यावी लागते. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून घेता येणाऱ्या शुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी ठेवलेली आहे. कोणी दीड-दोन लाख मागत असेल तर, तो मावसभावाच्या मित्राचा मित्र असला तरी, तेथेच थांबावे. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर सूचना काढून सांगितले होते की थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी म्हणून समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींतून व एजंटांमार्फत बोलावलेल्या भारतीय तरुणांना बेकायदा मार्गाने सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन डांबले जात आहे. ज्यांच्या बाबतीत हे झाले ते अडाणी नव्हते, संगणक येणारे होते. पर्यटक व्हिसावर या, तिथे बदलून देतो, असे कोणीही म्हणाले तर ते आमंत्रण नाकारावे. पैसे देऊन झाल्यावर फसवणूक लक्षात आली, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा. तासांचा उशीरही महागात पडतो.

जर्मनीचा ओढा आता आपल्याकडे वाढला आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्यापासून तर परिचारिका, वाहनचालक आणि तंत्रज्ञ यांचे गटच गट तयार झाले आहेत. अशा गटांत भाषेच्या परीक्षेविषयी जे सांगितले जाते ते नीट ऐकावे, कारण अभ्यास करून ती दिलेला माणूसच ते सांगत असतो; व्हिसाला किती दिवस लागतात, याविषयी जे सांगितले जाते ते मात्र वकिलातीच्या संकेतस्थळावरूनच पाहावे. परदेशात आधाराचा रकाना भरायला महाराष्ट्र मंडळे उपयोगी पडतात. लंडनचे मंडळ १९३२ पासून आहे, आणि आता बहुतेक मोठ्या शहरांत एखादे तरी असते. तेथे जाण्याआधी दोन महिने त्यांच्या गणेशोत्सवाच्या तयारीत ऑनलाइन हातभार लावावा : पत्रिका करून द्यावी, नोंदणीचा तक्ता सांभाळावा. ज्याने तक्ता सांभाळला त्याला विमानतळावर घ्यायला माणूस येतो, असा माझा अनुभव आहे. देशातल्या परप्रांतालाही हीच युक्ती लागू पडते.

ओळखीचा जाच

ओळख जशी वाट दाखवते तशी ती एकाच वाटेला जुंपतेही. अर्थशास्त्रज्ञ कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरमधील शाळांच्या सुमारे वीस वर्षांच्या नोंदी पाहून दाखवले आहे, की ज्या जातींतल्या पुरुषांचे कारखान्यांतल्या नोकऱ्यांत ओळखींचे घट्ट जाळे होते, त्या जातींतली मुले इंग्रजीचे मोल वाढल्यावरही मराठी माध्यमातच राहिली. ज्यांना असे जाळे कधी मिळालेच नव्हते, त्या मुली मात्र झपाट्याने इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. जाळ्याने मुलांना हमखास काम दिले, आणि त्याच कामात ठेवले. चाकणच्या खोलीतही हे छोट्या प्रमाणावर घडते : तिघेही एकाच ठेकेदाराकडे, तिघांनाही एकाच दिवशी ब्रेक, म्हणजे कामात खंड, आणि तिघांकडेही दुसऱ्या कारखान्याची खबर नाही. २०२० च्या टाळेबंदीत अशा कितीतरी खोल्या एकदमच बसल्या, कारण उसने द्यायला खोलीत कोणाकडेच पैसे उरले नव्हते. म्हणून आधार देणारी माणसे सहसा एकत्र असली तरी त्यांतला एखादा निदान वेगळ्या धंद्यातला असावा, हे वहीत तपासून घ्यावे. रेशनकार्ड देशात कुठेही चालते, हेही पुष्कळांना माहीत नसते. त्याला आधार कार्ड जोडलेले आहे का, ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

निर्णय पक्का करण्यापूर्वी जमल्यास आठ-दहा दिवस तिथे राहून यावे, आणि ते शक्यतो त्या शहराच्या वाईट ऋतूत : मुंबईला जुलैत, नागपूरला मे महिन्यात. ज्यांची नावे वहीत आहेत त्यांतल्या प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटावे. फोनवर तासभर बोलणारा माणूस भेटीसाठी तीनदा वेळ बदलतो, की पाळी संपवून तसाच तेलकट कपड्यांत चहाच्या टपरीवर येतो, हे पाहिल्यावर रकाने आपोआप दुरुस्त होतात.

भाच्याने अखेर चाकण धरले, पण होसूरच्या मित्राच्या बातमीसकट. पाच अक्षांच्या मशिनचा दर त्याला माहीत होता, त्यामुळे मुलाखतीत त्याने तो मागितला. पूर्ण मिळाला नाही, पण अडीच हजार वाढवून मिळाले. पहिले तीन महिने तो खराबवाडीच्या खोलीत राहिला, आणि मग दुसऱ्या कारखान्यातल्या दोघांबरोबर म्हाळुंग्याला वेगळी खोली केली. होसूरच्या मित्राला तो अजून भेटलेला नाही. दर आठवड्याला एखादे ड्रॉइंग मात्र दोघांमध्ये इकडून तिकडे जाते.

आता शिरोलीतली पोरे त्याला मेसेज करतात, 'काय भावा, कसे आहे चाकण?' त्याला मी सांगून ठेवले आहे की यावर काही लिहू नकोस. रविवारी फोन करायला सांग, आणि फोन येईल तेव्हा गेल्या तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या समोर घेऊन बस.